विमानाची खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या हँगरमध्ये काय चालायचं, हे दिल्लीतल्या विमानखात्याच्या एखाद्या साहेबाला कळलं असतं तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता. अमरावतीबाहेरच्या माळावर विमान चालवायला शिकवणारी ती एक छोटी संस्था. पत्र्याचं मोठं शेड, त्यात ओळीने उभी केलेली लहान विमानं, आणि त्या विमानांच्या पंखांच्या मुळाशी तूप-हळद चोळणारी, एरवी हातात पाना-पकड धरणारी पोक्त माणसं. पळसाची पानंसुद्धा आणलेली असायची. बैलाचा खांदा शेकावा तसा विमानाचा खांदा शेकायचा आणि वर म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." विमान काय जेवणार, कपाळ! पण म्हणायचं.

ही रीत लावली शालिकराम ढोकेने. शालिकराम म्हणजे त्या संस्थेचा विमानदुरुस्तीचा इंजिनीयर. त्याची सही झाल्याशिवाय तिथलं एकही विमान जमीन सोडत नसे. माणूस नांदगाव खंडेश्वर तालुक्यातला, पंजाबराव या कास्तकाराचा, म्हणजे शेतकऱ्याचा, धाकटा मुलगा. थोरला शेषराव शेतीत राहिला आणि हा आयटीआय करून, नागपुरात परीक्षांवर परीक्षा देत, विमानाच्या पोटात शिरला तो शिरलाच. गावात त्याला विमानवाला म्हणत. गावातल्या माणसांचा एकच प्रश्न ठरलेला असे, एवढं सारं येते तं मंग तू चालवत काहून नाई? सुरुवातीला तो समजावून सांगायचा. पुढे पुढे नुसता हसायचा. अलीकडे हसायचाही कंटाळा येऊ लागला होता.

एकदा बांधावर बसून त्याने शेषरावला आपलं काम समजावलं होतं. पंख बाहेरून पाहशील तर पत्रा दिसतो, पण आतून एक जाड दांडा गेलेला असतो, त्याला स्पार म्हणतात. विमानाचं सगळं ओझं त्या दांड्यावर. दांडा पंखाच्या मुळाशी बोल्टांनी जखडलेला असतो, आणि भेग पडली तर तिथेच पडते, बोल्टाच्या भोकापाशी, केसाएवढी. बाहेरून काही दिसत नाही. विमान झकास उडत राहतं. आणि मग एक दिवस पंख तुटतो, आणि पंख तुटलेलं विमान खाली आणणारा पायलट अजून जन्माला यायचा आहे. शेषरावने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हणजे जू जिथं बसते थो खांदा म्हन न. शालिकरामला ते फार आवडलं. त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तो दुर्गाबाईकडून, म्हणजे बायकोकडून, वाटीभर तूप-हळद कालवून घेऊन हँगरला गेला. तेव्हापासून दरवर्षी वाटी जाऊ लागली. संस्थेत बदलून आलेले मोठे साहेब पहिल्या वर्षी हसायचे, दुसऱ्या वर्षी स्वतः बोट लावायचे. पत्र्यावर लावलेलं तूप दुसऱ्या दिवशी धुऊन निघे. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी झाली.

पावसाळ्यात उड्डाणं कमी, म्हणून मोठी कामं तेव्हाच काढतात. लाल पट्ट्याच्या विमानाची स्पार-तपासणी आली होती. शिकाऊ पोरं विमान उतरवतात म्हणजे आदळतात, चांगली दणकून आदळतात, आणि प्रत्येक दणका जाऊन त्या दांड्यावर बसतो. म्हणून अशा विमानांचे पंख नेमाने उतरवायचे, स्पार उघडा करायचा, तपासायचा, आणि भेग सापडली तर डागडुजी न करता तो भागच बदलायचा, असा कडक नियम आहे. पोळा आला तेव्हा त्या विमानाचे पंख लाकडी घोड्यांवर टेकवून ठेवलेले होते आणि स्पारचं टोक बोल्टाच्या भोकांसकट उघडं पडलेलं होतं.

वाटी आली. देवानंद, शालिकरामच्या हाताखालचा मेकॅनिक, हौशी माणूस. तो म्हणाला, भाऊ, दरवर्षी कातड्यावर लावतो, यंदा खरा खांदा उघडा आहे. आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने ओंजळभर तूप-हळद त्या उघड्या स्पारला चोळली. बाकीच्यांनीही हात लावले. शालिकरामने पाहिलं. दिवसभर वाकून त्याची कंबर मोडली होती, गुडघे ठणकत होते, आणि खरं सांगायचं तर त्याला ते पाहून बरंच वाटलं. त्यानेही हात लावला. अंगठ्याने भोकाच्या काठावरून तूप फिरवलं. उद्या पोळा, परवा धुऊन टाकू, असं म्हणून तो घरी गेला.

पोळ्यानंतर तपासणीचा दिवस उजाडला. घाई होती, आणि घाईचं कारण होतं रागिणी. ही अकोल्याच्या जुन्या शहरातली, भाजीपाला पिकवून विकणाऱ्या घरातली मुलगी. तिची आजी पार्बताबाई अजून सकाळी बाजारात भाजीची पाटी लावते. रागिणीचं एकटीने दूर जाऊन यायचं उड्डाण राहिलं होतं, अमरावतीहून निघून अकोल्यावरून वळून परत. पावसाने ते तीनदा हुकलं होतं. आता उघडीप येणार होती आणि शनिवार ठरला होता. विमान हेच, लाल पट्ट्याचं, कारण दुसरं तिच्या कामाचं विमान इंजिन उघडून पडलं होतं. पार्बताबाईने अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलं होतं की शनिवारी माही नात आपल्या घरावरून विमान नेणार, आणि ती गच्चीवर उभी राहणार. रागिणी रोज हँगरच्या दारात येऊन विचारायची, काका, झालं का? तशी सगळीच विचारायची. शालिकरामने उभ्या आयुष्यात दुसरा प्रश्न फारसा ऐकलाच नव्हता. या पोरीचं विचारणं मात्र त्याला जाचत नसे.

तर तपासणी. आधी दांडा धुऊन पुसून कोरडा करायचा. मग त्यावर लाल रंगाचं पातळ औषध लावायचं, ते मुरू द्यायचं, पुसायचं आणि वरून पांढरी पावडर फवारायची. कुठे भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पावडरीवर वर येतो. लाल रेघ दिसली की दांडा बाद. नाही दिसली की पास. देवानंदने दांडा धुतला, शालिकरामने हात फिरवून पाहिला, औषध लावलं, पुसलं, पावडर फवारली आणि दोघं स्टुलावर बसून राहिले. बाहेर भुरभुर चालली होती.

लाल काही उमटलं नाही. पण एका भोकाच्या काठाशी, नखाएवढी, पिवळट रेघ आली.

देवानंद जवळ जाऊन पाहू लागला. शालिकरामने चष्मा वर केला, खाली केला, टॉर्च मारला.

"हळद हाये बे," तो म्हणाला. "तुह्याच हातची."

देवानंद ओशाळून हसला. शालिकरामने फडक्याने रेघ पुसली. लाल असती तर बाद, लाल नाही, म्हणजे पास. नियमात पिवळ्याचं कुठे काही लिहिलेलं नव्हतं. उद्या सकाळी पंख चढवायला घ्या म्हणून त्याने सांगितलं, सही पंख चढल्यावर करायची होती. रागिणी दारातच होती. तिला म्हणाला, झालं पोरी तुझं. ती धावतच निघून गेली, बहुतेक घरी फोन करायला. शालिकराम थकला होता. आजचा थकवा नव्हता तो, वर्षानुवर्षांचा साचलेला होता. आणि थकलेल्या माणसाला पास हा शब्द फार गोड लागतो.

दिवस मावळायच्या आत तो घरी पोचला. दुर्गाबाईने ताट वाढलं होतं. त्याने न्हाणीत जाऊन साबणाने हात धुतले, आणि जेवायला बसला. पहिला घास मोडला आणि हात तसाच ताटावर राहिला.

पेट्रोल, रॉकेल आणि नाना औषधांनी त्याच्या बोटांना कायमच्या चिरा पडलेल्या. अंगठ्यावर एक मोठी होती. हात स्वच्छ होता, लख्ख होता, पण चिरेत पिवळी रेघ होती. पोळ्याच्या आदल्या दिवसापासून रोज साबण, रोज अंघोळ, आणि चिरेतली हळद अजून तिथंच.

दुर्गाबाईने विचारलं, अवो, भाजी आळणी झाली का? तो अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिला. सगळा दांडा पुसला होता. सगळीकडची हळद निघाली होती. मग तेवढीच एक रेघ कुठून आली? पुसल्यावरही हळद राहते ती फक्त चिरेत. आणि लाल औषध त्या चिरेत शिरलं नाही, कारण चीर आधीच तुपाने बुजलेली होती! तपासणीआधी तेलातुपाचा अंश राहता कामा नये, भेग बुजते आणि औषध आत जात नाही, हे त्याने स्वतः देवानंदला दरवर्षी घोकून घेतलं होतं. दर वर्षी. आणि यंदा स्वतःच्या अंगठ्याने भोकाच्या काठावरून तूप फिरवून आला होता.

त्याला बाप आठवला. पंजाबराव खांदशेकणीच्या संध्याकाळी बैलापाशी बसायचा तेव्हा कोणाशी बोलायचा नाही. तूप लावून हात खांद्यावरून हळूहळू न्यायचा, पुन्हा न्यायचा, आणि बैलाने जरा कुठे अंग चोरलं की तिथेच थांबायचा. तिथं दाबून पाहायचा, वाकून पाहायचा. दुखरं सापडलं तर पोळा झाल्यावरही बैल आठ-आठ दिवस बसून राहायचा, शेतातलं काम खोळंबलं तरी. शालिकरामला लहानपणी वाटायचं की बाप बैलाचे लाड करतो. तो तर सबंध वेळ तपासत होता. शालिकरामने हँगरमध्ये तूप नेलं, हळद नेली, पळसाची पानं नेली, आवतन नेलं, आणि नेमका बापाचा तो हात न्यायचा राहिला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की ताट सारून तो उठला. दुर्गाबाई म्हणाली, काय झालं सांगाल तं खरं. तो म्हणाला, तुह्या तुपानं मले खाल्लं. मग तिला वाईट वाटेल म्हणून लगेच म्हणाला, तुपाचं नाही, माझंच चुकलं. आणि देवानंदला फोन लावून सांगितलं, उद्या पंखाला कोणी हात लावायचा नाही.

सकाळी त्याने संस्थेच्या मुख्य प्रशिक्षकाला, सुगत सरांना, बोलावून घेतलं. सुगत सर इकडचेच, हुशार आणि सरळ माणूस, शिकाऊ पोरांचा त्यांच्यावर जीव. त्यांच्यासमोर शालिकरामने पुन्हा पांढरी पावडर फवारली. थोडा वेळ गेला. रेघ पुन्हा आली, कालच्याहून फिकट, पण त्याच जागी आणि तेवढीच.

"ही हळदच ना, ढोकेजी?" सुगत सरांनी विचारलं.

"हळदच हाये सर. पन थे कुठून निघून राहिली, थे पाहा."

सुगत सर बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग सरळ झाले आणि त्यांनी पहिला प्रश्न रागिणीबद्दल विचारला, म्हणजे शनिवारचं काय. शालिकराम म्हणाला, जमत नाही. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो शालिकराम रात्रभर स्वतःला विचारत होता. तपासणीच्या दांड्यावर तूप कसं आलं म्हणून वरून विचारतील, तेव्हा काय लिहायचं? देवानंद बाजूला मान खाली घालून उभा होता. शालिकराम म्हणाला, जे झालं ते लिहा. माझ्या परवानगीनं लावलं, मीही लावलं, काल मी पास म्हणालो होतो, तेही लिहा. सरांनी मान हलवली. रागावले नाहीत. त्यांचाही चेहरा एकदम दमल्यासारखा झाला, कारण हे प्रकरण एका विमानावर थांबणार नाही हे त्यांना कळलं होतं. त्या जातीची सगळी विमानं खाली बसणार, सगळ्यांचे पंख उतरणार, पोरांचे तास बुडणार, पालकांचे फोन येणार.

नागपूरहून एक माणूस यंत्र घेऊन आला. धातूच्या आत वीज खेळवून भेग शोधणारं यंत्र, त्याला तूप-हळदीचं काही देणंघेणं नव्हतं. त्याने सळई त्या भोकात फिरवली आणि पडद्यावरची सरळ रेघ ठराविक जागी उसळली. पुन्हा फिरवली, पुन्हा उसळली. भेग होती. बाहेर नखाएवढी दिसत होती, आत तिच्या दुप्पट गेली होती. तो माणूस म्हणाला की अजून थोडे दणके बसले असते तर काय झालं असतं, सांगता येत नाही. शालिकरामने ऐकलं आणि जाऊन पाणी प्यायला.

मग दिवसभर तेच. दिल्लीला सांगा, विमान बनवणाऱ्यांना कळवा, पुन्हा दिल्लीला सांगा. तूप म्हणजे नेमकं काय, ते कशासाठी लावलं, खांदशेकणी म्हणजे काय, हे एका साहेबाला फोनवर हिंदीतून समजावताना शालिकरामच्या तोंडाला फेस आला. पलीकडून विचारणा झाली की हा सण संस्थेच्या कार्यपद्धतीत नोंदलेला आहे का. आता काय सांगावं! संध्याकाळी सुगत सरांनी भिंतीवर सूचना लावली की यापुढे कुठल्याही विमानाला तूप, तेल, हळद, कुंकू लावायला सक्त मनाई आहे. सूचना बरोबर होती. शालिकरामनेच ती लिहून दिली होती. तरी ती एकदाच वाचून तो तिथून निघून गेला, आणि देवानंद तर त्या भिंतीकडे पाहीनासाच झाला.

शनिवारी आभाळ असं निघालं की बघत राहावं. एक ढग नाही. रागिणीला आदल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी ती पांढरा गणवेश घालून आली आणि हँगरमध्ये एका टायरवर बसली. शालिकराम उतरवलेल्या पंखापाशी काम करत होता. त्याने दोनदा चहा पाठवला, तो तसाच गार झाला.

शेवटी तीच उठून आली. "काका, तुमी म्हनले होते झालं म्हनून."

"म्हनलो होतो."

"मंग?"

त्याच्याकडे उत्तरं पुष्कळ होती, आठवडाभर तो तीच देत होता. पण त्याने तिला जवळ बोलावलं, टॉर्च धरला, आणि तिचं बोट धरून त्या भोकाच्या काठावर नेलं. पहिल्यांदा तिला काही लागलं नाही. हळू ने, तो म्हणाला. तिने पुन्हा हळू नेलं आणि एका जागी तिचं नख अडकलं. ती तिथेच थांबली. नखाने मागं-पुढं केलं. तिचा चेहरा बदलला. हे कुठे होतं, तिने विचारलं, म्हणजे मी बसणार होते त्याच विमानात? शालिकरामने मान हलवली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आजी. रागिणीने आईला सांगितलं होतं, पण घरात कोणाची म्हातारीला सांगायची हिंमत झाली नव्हती, आणि म्हातारी सकाळपासून गच्चीवर जाऊन उभी होती. बाजार सोडून. शेजारच्या गच्च्यांवरही माणसं होती म्हणे. रागिणीने फोन हातात धरून शालिकरामकडे पाहिलं, आता हिला काय सांगू अशा नजरेने. दांडा, बोल्ट, भेग, नियम, हे त्या बाईला कसं सांगायचं? मग रागिणीनेच स्पीकर लावला आणि म्हणाली,

"आजी, नाई येत मी आज. इमानाच्या खांद्याले जखम निघाली."

पलीकडे गच्चीवरच्या वाऱ्याचा आवाज येत होता.

"अवं मंग कायले जुपता त्याले?" पार्बताबाई म्हणाली. "बसू द्या न. भरून येईपर्यंत हात नोका लावू." आणि मग, शेजारच्या गच्चीवर कोणाला तरी उद्देशून, मोठ्याने, "चला वं, उतरा खाली. जखमी हाये थे." मग पुन्हा फोनवर, "पोट्टे, तू जेवलीस का? मी चालली बाजारात."

फोन बंद झाला. रागिणीला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं, तिने ते गणवेशाच्या बाहीला पुसलं. शालिकराम मात्र हसला नाही. एवढे दिवस त्याने भेगेचा विचार केला होता, सहीचा केला होता, सुगत सरांचा आणि दिल्लीचा केला होता. त्या गच्चीचा केला नव्हता. आता त्याला ती दिसली. भाजीचा बाजार सोडून, लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून, उन्हात वर पाहणारी बाई, तिच्या आजूबाजूला तिने बोलावलेली सगळी आळी, आणि वरून येणारं लाल पट्ट्याचं विमान. बरोबर तिच्या घरावरच तर वळण होतं, आणि वळतानाच दांड्यावर जास्त ताण येतो. तो रागिणीच्या टायरवर जाऊन बसला.

रागिणीने घाबरून विचारलं, काका, बरं नाही का? त्याने हाताने नुसतं थांब म्हटलं. देवानंद पाणी घेऊन आला. थोड्या वेळाने शालिकराम उठला, चष्मा पुसला आणि ओळीतल्या पुढच्या विमानाकडे गेला. त्याचे पंख अजून उतरायचे होते. त्याने फडक्याने हात कोरडा केला आणि पंखाच्या मुळाशी, पत्र्यावरूनच, हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पत्र्यावरून आतल्या दांड्याचं काही कळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो फिरवत राहिला.